सेसना १७२ : इंधनाच्या टाकीची व्हेंट नळी तपासताना

इंधन अडतंय म्हटलं की बहुतेक जण थेट गाळणी खोलतात. मी आधी डाव्या पंखाखाली वाकतो. या विमानात इंधन वरच्या टाक्यांतून आपल्या वजनाने खाली उतरतं, आणि जेवढं उतरेल तेवढी हवा टाकीत शिरावी लागते. ती शिरते स्ट्रटच्या, म्हणजे पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याच्या, मागे असलेल्या व्हेंट नळीतून. उजव्या टाकीला हवा मिळते ती दोन्ही टाक्या जोडणाऱ्या आडव्या नळीतून. नळीचं तोंड बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, प्रवाह मंदावतो आणि जमिनीवर छान चाललेलं इंजिन वर गेल्यावर अडखळतं. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर संशय पक्का. व्हेंट असलेली झाकणं काही अंशी सांभाळून घेतात, पण त्यांच्यावर विसंबू नये.

नळी बुजवण्यात कुंभारमाशी पटाईत. चिखलाचं घर नळीत खोलवर असलं तर टॉर्च मारूनही दिसत नाही. तार तर घालूच नये. चिखल आत सरकतो आणि आतली झडप बिघडते.

तपासणीला रबरी नळी आणि पाण्याचं भांडं पुरतं. दोन्ही झाकणं घट्ट लावून रबरी नळी व्हेंटच्या तोंडाला बसवायची आणि तोंडाने हळू फुंकायचं. काँप्रेसर नको, टाकी फुगेल. हवा आत गेली तर वाट मोकळी आहे. मग नळीचं टोक लगेच पाण्यात बुडवायचं: बुडबुडे सलग आले म्हणजे झडपेचं बारीक छिद्र उघडं आहे. पुन्हा फुंकून उजव्या टाकीचं झाकण सैल करायचं, काढायचं मात्र नाही. तिथून हवा सुटली तर आडवी नळीही साफ. ही शेवटची पायरीच सर्रास गाळली जाते.

खालच्या गाळणीचा नंबर यानंतर. गाळणीच्या भांड्यात रबराचे कण दिसले तर नुसतं धुऊन भागत नाही, इंधनाची रबरी होज किंवा सील झडतंय. ड्रेनमधून, म्हणजे इंधन काढून पाहायच्या खालच्या तोटीतून, घेतलेला नमुना पांढऱ्या कागदासमोर धरावा. १००एलएल, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, निळं असतं, पाणी तळाशी बसतं. पूर्ण नमुना बिनरंगी आणि एकसंध दिसला तर खूश होऊ नये. ते निव्वळ पाणी असू शकतं. थोडं खात्रीचं १००एलएल त्यात ओतलं की वेगळा थर लगेच उघडा पडतो.

विमान उभं राहणार असेल तर व्हेंटवर लाल फीत लोंबणारं आवरण घालावं. चिकटपट्टी लावू नये, ती उड्डाणाआधी कुणाच्या नजरेस पडत नाही.