कोल्हापुरात टिकते, भोपाळला गळते

दहा मीटर एअर रायफल, जर्मन बनावटीची, सेकंडहँड, क्लबच्या मालकीची. तक्रार अशी, की कोल्हापुरात हवा आठवडेच्या आठवडे टिकते, पण डिसेंबरात स्पर्धेसाठी भोपाळला नेली की रात्री २०० बारवर असलेला दाबाचा काटा सकाळी १४० वर येतो. परत आणली की पुन्हा ठणठणीत. दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर येईपर्यंत तिचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर नवा झाला होता, गोळीमागे हवा सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्हही बदलला होता. शिवाय सिलिंडरच्या आट्यांवर कुणीतरी टेफ्लॉन टेप गुंडाळली होती.

टेपचं आधी सांगतो, कारण हा रोग फार पसरलाय. नळाच्या जोडात आटेच पाणी अडवतात, म्हणून तिथे टेप लागते. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, रायफलीत आट्यांचं काम फक्त धरून ठेवण्याचं. हवा अडवते ती ओ-रिंग, म्हणजे खाचेत बसणारी रबरी कडी. टेपने गळती थांबत नाही, उलट तिचे धागे आत जातात. या रायफलीत ते तोंडाशी असलेल्या पितळी जाळीच्या फिल्टरवर अडकले होते, हे नशीब. पुढे रेग्युलेटर असतो, तो सिलिंडरचा दाब ठरलेल्या कमी दाबावर आणतो; त्याच्या सीटवर, म्हणजे झडप टेकते त्या जागी, केसाएवढा धागा जरी बसला तरी रेग्युलेटर पूर्ण बंद होत नाही. मग रायफल पाच मिनिटं नुसती पडून राहिली की पुढच्या कप्प्यातला दाब हळूहळू चढतो आणि पहिली गोळी इतरांपेक्षा जोरात सुटते. बाहेर एक बुडबुडा दिसत नाही. ज्या खेळात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि गुण दशांशात मोजतात, तिथे हे नेमबाजाच्या मनगटावर ढकललं जातं. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, लावून थंड आणि गरम अशा दोन्ही वेळचे वेग घेतल्याशिवाय मी तरी कुणाच्या मनगटाला दोष देत नाही.

आता काट्याकडे. प्रशिक्षक म्हणाले, “थंडीने काटा उतरतो हो.” खरं आहे, पण किती? कोल्हापुरात ३० अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर भोपाळच्या खोलीत रात्री १२ अंशांवर आला, तर एक थेंब हवा न जाताही काटा १८८ च्या आसपास दाखवेल. हे बारा बार थंडीचे. उरलेले अठ्ठेचाळीस कुणाचे? उलट प्रकारही घडतो: घाईघाईने भरलेला सिलिंडर गरम होतो, थंड झाल्यावर दहा-पंधरा बार उतरतो आणि लोक गळती गळती म्हणत येतात. त्यात सिलिंडरवरचं गेज एवढंसं, त्याच्या काट्याची जाडीच काही बार झाकते. या गेजवर विश्वास ठेवून नवा सिलिंडर घ्यायला लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

मी गेज बघत नाही, वजन करतो. हवेला वजन असतं आणि ते थंडी-उन्हाने बदलत नाही. ०.२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला साधारण ४६ ग्रॅम हवा मावते. म्हणजे दहा बार गेले की सव्वादोन ग्रॅमच्या आसपास कमी. अर्धा किलो पेलणारा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा, सोनाराकडे असतो तसला काटा पुरतो. एक पथ्य पाळावं लागतं. रायफलीवरून सिलिंडर सोडवताना पुढच्या कप्प्यातली हवा फुस्सकन जाते. आधी सिलिंडर लावून लगेच काढायचा, त्यात किती वजन घटतं ते टिपायचं आणि पुढच्या प्रत्येक मोजणीतून ते वजा करायचं.

सिलिंडर एकटा रात्रभर ठेवला: घट शून्य. म्हणजे नवा सिलिंडर घेतला तो फुकट. रायफलीवर चढवून वर्कशॉपच्या उकाड्यात ठेवला: घट जवळजवळ शून्य. तोच एसी १८ वर लावलेल्या खोलीत ठेवला: चार ग्रॅमहून जास्त. मग दाब १०० बारवर आणला आणि पुन्हा त्याच थंड खोलीत. दाब निम्मा, तर गळतीही कमी व्हायला हवी. ती वाढली.

इथेच अर्धं निदान होतं. ओ-रिंगला दाबच मदत करतो. आतली हवा तिला खाचेच्या एका कडेला ढकलते आणि ती स्वतःहून घट्ट बसते. म्हणून जास्त दाबाला टिकणारी आणि कमी दाबाला गळणारी जागा दिसली की समजावं, रिंग फाटलेली नाही, तिला मुळात पुरेसा चेप मिळत नाहीये. चरा गेलेली सीट किंवा कचरा असता तर तो कोल्हापूर-भोपाळ बघत बसला नसता.

तरी बाकीच्या जागा तपासल्याच. नळीत गोळी नसल्याची खात्री करून बोल्ट बंद, नळीच्या तोंडावर फुगा बसवला; तासाभरात फुगला नाही, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह निर्दोष. आधीचाही बहुधा निर्दोषच होता. रेग्युलेटरच्या अंगावर बारीक भोक असतं, तिथे साबणाचा थेंब ठेवला, तोही शांत. तिथून हवा आली तर आतल्या पिस्टनची रिंग गेलेली असते. ते भोक म्हणजे गळतीची जागा समजून एम-सीलने बुजवलेलीही पाहिली आहेत. बुजवलं की स्प्रिंगच्या बाजूला दाब साठतो, रेग्युलेटरचा ठरलेला दाब वर सरकत जातो आणि गळती थांबली म्हणून मालक खूश असतो.

शेवटी सिलिंडर जिथे रायफलीत शिरतो त्या सांध्याभोवती, थंड खोलीतच, पातळ ब्रशने बेबी शाम्पूचं पाणी लावलं. पूर्ण रायफल पाण्यात बुडवू नये. ट्रिगरमध्ये आणि स्प्रिंगांत पाणी गेलं की नवं काम निघतं. बराच वेळ काही नाही, मग खालच्या बाजूला एक बुडबुडा टाचणीच्या डोक्याएवढा झाला, थांबला, पुन्हा वाढला. फेस लगेच पुसून जागा कोरडी केली.

सिलिंडर काढून, गोळी न भरता ट्रिगर ओढून उरलेला दाब सोडला आणि रिंग बाहेर काढली. दिसायला नवी, काळीभोर, ना चीर ना झीज. वर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायची पट्टी, लावला: रिंगच्या दोरीची जाडी १.७८ मिलिमीटर. खाचेचा तळ ते समोरची भिंत हे अंतर १.६. म्हणजे रिंग जेमतेम दहा टक्के चेपली जात होती. तिथे २ मिलिमीटरची रिंग हवी, तिचा चेप वीस टक्के होतो. १.७८ हे इंचाच्या मापातलं, २ हे मेट्रिक. मिश्र रिंगांच्या डब्यात दोन्ही शेजारी असतात, बोटाला फरक कळत नाही आणि दुकानदार म्हणतो, “तीच आहे ओ.” उकाड्यात रबर फुगलेलं आणि मऊ असतं, त्यामुळे दहा टक्क्यांतही भागतं. थंडीत रबर धातूच्या कित्येक पट आकसतं, वर कडक होतं, आणि ती दहाची सोय संपते.

रिंग बदलणं पाच मिनिटांचं काम, पण त्यातच निम्मे लोक नवी गळती करून ठेवतात. जुनी रिंग सेफ्टी पिनने उचकटायची नाही. खाचेत एक ओरखडा पडला की तो कायमचा. बांबूची टूथपिक पुरते. खाच आयसोप्रोपिल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची, भिंगाखाली बघायची. नवी रिंग नायट्राइलची, शोअर ९० कडकपणाची घेतो. ७० ची पटकन बसते पण या दाबाला फटीत ओढली जाते आणि कडेने कुरतडली जाते. आट्यांवरून सरकवताना प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीची नळी करून आट्यांवर चढवायची, नाहीतर पहिल्याच धारेवर बारीक काप जातो. बसल्यावर साच्याची पुसट रेघ सरळ फिरते का ते पाहायचं. ती मळसूत्रासारखी गेली असेल तर रिंगला पीळ पडलाय. सिलिकॉन ग्रीस फक्त चकाकी येईल इतकं. मशीन ऑइल किंवा साधं ग्रीस इथे चालत नाही, दाबाच्या झटक्याने ते पेट घेऊ शकतं. याच कारणासाठी वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून आणायचा विचारसुद्धा करू नये, आणि तो विचार करणारे भेटतात. सिलिंडर हाताने घट्ट करायचा, पाना लावायचा नाही. हवा सावकाश, मध्ये थांबत भरायची.

नव्या रिंगवर त्याच थंड खोलीत, २०० आणि १०० बारला, रात्रभरात घट वजनकाट्याच्या शेवटच्या आकड्यापुरती. सिलिंडरवरची तारीखही पाहिली. अशा सिलिंडरची मुदत बहुधा दहा वर्षांची असते. तारीख उलटलेला सिलिंडर गळत नसला तरी मी भरत नाही, आणि तो मुदतीत असण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणेही नेमबाजावरच असते.

मला अजून सतावतंय ते वेगळंच. ती रिंग क्लबमधल्या रिंगांच्या डब्यातून आली होती, आणि त्या डब्यातून इतर रायफलींनाही रिंगा गेल्या आहेत. कुठल्या, कधी, कुणी बसवल्या याची नोंद नाही. सगळ्या रायफली आणा, वर्नियर लावायला वेळ लागत नाही, असं मी प्रशिक्षकांना सांगितलं. सर म्हणाले, “बाकीच्या आत्ता तरी गळत नाहीत.” तेव्हा एप्रिल चालू होता.