मँगबीची भावकी

कोल्हापुरात प्राण्यांचं वर्गीकरण शिकवणं सोपं, असं माझं मत. इथं भावकी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. तरी त्या दिवशी मीच फसलो.

बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल होतं. भिंतीवर माझ्याच हातचा जुना तक्ता: एक जाड फांदी आणि तिच्यावर आफ्रिकेतली सगळी मँगबी माकडं ओळीनं. मी नेहमीसारखी सुरुवात केली. आपल्याकडं तांबड्या तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं ते वानर. माकड शेंगा गालात कोंबून पळतं, वानराला गालात पिशवीच नसते. मँगबी या माकडाच्या बाजूची.

शाहूवाडीकडची एक पोरगी उठली. "सर, हे पांढऱ्या पापण्यांचं भुईवर हिंडतंय. ते शेंडीवालं झाडावरनं उतरतच न्हाई म्हणालासा. मग दोघं एका चुलीवरची कशी?"

मी लांब शेपटी आणि आत गेलेले गाल दाखवले. तिला काही पटलं नाही. खरं तर मलाही नाही.

मधल्या सुट्टीत नवं पुस्तक उघडलं. घेऊन तसंच ठेवलं होतं, लाज वाटली. पांढऱ्या पापण्यांचं, म्हणजे सेर्कोसिबस, निघालं मँड्रिल आणि ड्रिल या आफ्रिकेतल्या धिप्पाड माकडांच्या घरातलं. पालापाचोळा उपसायला घडलेली हाताची हाडं, कठीण बिया फोडायला रुंद झालेल्या मागच्या उपदाढा. हाडं-दातांचं हे साम्य 1999 मध्ये मांडलं गेलं. शेंडीवालं, म्हणजे लोफोसिबस, मात्र बबून आणि जेलाडा या दुसऱ्या माकडांच्या पंगतीतलं. रक्तातल्या प्रथिनांनी हे 1970 च्या दशकातच सुचवलं होतं. चेहरे सारखे दिसले म्हणून मी एकत्र कुटुंब मांडून बसलो होतो!

सुट्टीनंतर कात्री मागवली आणि फांदी सगळ्यांसमोर कापली. जुना पुठ्ठा, कडेनं पापुद्रे निघाले. अर्धी मँगबी मँड्रिलकडं चिकटवली, अर्धी बबूनकडं.

उरलं टांझानियातलं किपुंजी नावाचं माकड. 2005 मध्ये नुसत्या फोटोंवरून ते लोफोसिबसमध्ये घातलं गेलं. मग शेतकऱ्याच्या सापळ्यात मेलेला एक नर हाती लागला, त्याचा डीएनए तपासला, आणि 2006 मध्ये त्याच्यासाठी रुंग्वेसिबस हा वेगळा वंशच (जीनस) करावा लागला. नातं बबूनशी जवळचं.

"सापळ्यात?" ती म्हणाली. "पिकात शिरलं असंल. आमच्यात बी येत्यात."

डिंक वाळेपर्यंत तिनं किपुंजीचा कागद बबूनच्या शेजारी अंगठ्यानं दाबून धरला होता.