बेळगावात डिमसम खायला जाताय? मग हे वाचून जा

निपाणीहून बेळगावला जायचं ते दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नाच्या बस्त्यासाठी. यावेळी मात्र आम्ही खास जेवायला गेलो. मी, दादा, वहिनी आणि सत्तरी ओलांडलेली आत्ती. टिळकवाडीतल्या एका हॉटेलात डिमसम, म्हणजे सारण भरून बहुधा टोपलीत वाफवलेले छोटे चिनी पदार्थ, मिळतात असं वहिनीला कळलं होतं आणि आमच्यापैकी कुणीच ते कधी खाल्ले नव्हते. जेवण इतकं आवडलं की मागून जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

रस्त्याचं फार सांगण्यासारखं नाही. संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, काकती असं करत हायवेने सरळ बेळगाव. बसने येणाऱ्यांनी सीबीटीवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून रिक्षा करावी आणि भाडं आधीच ठरवावं. टिळकवाडीत रेल्वे गेट बंद मिळालं तर खोळंबा होतो, तेवढा वेळ हातात ठेवा.

वेळ मात्र दुपारचीच धरा. डिमसम हे मूळचं दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातलं आणि हाँगकाँगचं खाणं. तिकडे ते सकाळपासून दुपारपर्यंत चहाबरोबर खातात, रात्रीच्या जेवणाला नाही. आपल्याकडे दिवसभर मिळतं, पण संध्याकाळी गर्दी वाढली की स्वयंपाकघर नूडल्स आणि फ्राइड राइसच्या मागे लागतं आणि वाफेच्या टोपल्या रेंगाळतात. आम्ही साडेबाराला पोचलो तेव्हा निम्मी टेबलं रिकामी होती आणि वाढणाऱ्या मुलाला आमच्याशी बोलायला सवड होती. तो दार्जिलिंगकडचा. हिंदीत त्याने एकेक प्रकार समजावून सांगितला.

चौघं तरी जा. एका टोपलीत तीन-चारच नग येतात. दोघं गेलात तर दोन-तीन प्रकारांतच पोट भरतं आणि खरी गंमत तर वेगवेगळं चाखण्यात आहे. सगळी ऑर्डर एकदम देऊ नका, हे दहादा सांगावंसं वाटतं. दोन टोपल्या मागवा, संपवा, मग पुढच्या दोन. गार झालेल्या डिमसमचं आवरण चिवट होतं आणि टोपलीच्या कागदाला चिकटून फाटतं. फोटो काढायचाच तर एक काढा आणि खायला लागा.

सुरुवात चहाने करा. आम्हाला जॅस्मिन चहा मिळाला, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. दादाने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, पण तळलेले रोल आल्यावर त्यानेच किटली दुसऱ्यांदा भरून मागितली. तुपट-तेलकट घासानंतर हा चहा तोंड स्वच्छ करतो आणि पुढच्या पदार्थाची चव मोकळी लागते. हाँगकाँगच्या चहाघरांत आधी दुसऱ्यांचे पेले भरतात, मग आपला. कुणी आपला पेला भरला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानायचे आणि किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं. आत्तीला ही टकटक फार आवडली. जेवण संपेपर्यंत तिने ती सोडली नाही.

आता हार गाव नावाचं डिमसम. दुसरं काही नाही मागवलंत तरी चालेल, पण हे मागवाच. कोळंबीचं सारण आणि वर इतकं पातळ, काचेसारखं आवरण की आतला गुलाबी रंग बाहेरून दिसतो. एका बाजूला बारीक चुण्या घातलेल्या असतात. जुन्या कारागिरांकडून निदान सात चुण्यांची अपेक्षा असते. आमच्या टोपलीतल्या एका नगाच्या मी मोजल्या, नऊ भरल्या. आत्तीने चमच्यावर घेऊन ते उजेडाकडे धरलं, बोटाने हळूच दाबलं आणि म्हणाली, "हे तर चिकाचं हाय की ग!" तिचा अंदाज अचूक होता. आवरण गव्हाच्या सत्त्वाचं असतं. कणीक धुऊन चिवटपणा काढून टाकला की खाली जो पांढरा साका उरतो तोच, त्यात थोडं टॅपिओकाचं पीठ. उकळतं पाणी घालून मळतात, म्हणून वाफेवर ते पारदर्शक होतं. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक घोटून घोटून जिचे हात तयार झालेत तिला हे पुस्तकातून कळायची गरज नव्हती. चांगल्या आवरणाची खूण तिनेच सांगितली: उचलताना फाटू नये आणि दाताला चिकटू नये. आतली कोळंबी वाटलेली नको, ठेचलेली हवी. चावताना ती कुरकुरीत लागली पाहिजे, आणि आमची लागली.

शुमाय वरून उघडे असतात, पिवळसर आवरणाचे. हाँगकाँगला त्यात डुकराचं मांस आणि कोळंबी घालतात. इथे चिकन होतं. बरे होते. बाव म्हणजे पांढरा, मऊ, फुगलेला पाव. सारण गोडसर असतं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हाच द्या.

सॉसबद्दल माझं मत ठाम आहे. टेबलावर मोमोबरोबर देतात तशी लाल तिखट चटणी ठेवतात. आपल्याला तिखट लागतं हे खरं, पण हार गाव त्यात बुडवलंत तर कोळंबीची गोडी संपली. पहिला घास कोरा खा. मग वाटलं तर मिरचीच्या तेलाचा एखादा थेंब. मोमो हा हिमालयाकडचा वेगळा पदार्थ आहे, त्याचं जाड आवरण ती चटणी पेलतं. हे पेलत नाही.

शाकाहारी मंडळींनी बसण्याआधीच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. मशरूमच्या सारणात ऑयस्टर सॉस घातलाय का, आणि शाकाहारी टोपल्या वेगळ्या वाफवतात का. ऑयस्टर सॉस कालवांपासून करतात आणि मेनूवर हिरवा ठिपका असला तरी विचारलेलं बरं. वहिनी शनिवारी मांसाहार करत नाही, म्हणून आम्ही रविवार धरला. श्रावणात जाणार असाल तर मका-मशरूमचे पारदर्शक डंपलिंग मागवा, तेही चांगले होते. कोळंबीची ॲलर्जी असेल तर शुमायमध्ये ती आहे का तेवढं विचारा.

काड्यांनी खायला येत नसेल तर चमचा मागा, लगेच देतात. आत्तीने हातानेच खाल्लं. टोपलीतून उचलताना खालचा कागद एका हाताने धरा, नग बाजूने हलवून सोडवा आणि मग उचला. वरून ओढला की तळ कागदावरच राहतो. आणि आत वाफ कोंडलेली असते, आख्खा तोंडात टाकू नका.

आम्ही सात टोपल्या आणि दोन किटल्या चहा घेतला, चौघांचं बिल दोन हजारांच्या थोडं वर गेलं. नेहमीच्या चायनीजपेक्षा महाग आहे, यात शंका नाही. पण एकेक नग हाताने वळलेला असतो आणि तो वेळ बिलात धरलाच पाहिजे. हॉटेल निवडताना फोनवर सरळ विचारा: डिमसम इथेच वळता की गोठवलेले आणून वाफवता? "इथेच" म्हणाले की हार गाव आज आहेत का तेही विचारा. कोळंबी आली नाही त्या दिवशी ते मिळत नाहीत, आणि मग फेरी दुसऱ्या दिवशी ठेवलेली बरी.