तिसऱ्या भागापासून सुरुवात

आज आम्ही कॉमिक्सवर लिहिणारे पाचसहा जण भेटलो. बोलायचं होतं नव्या अंकांवर, पण कुणीतरी विचारलं, 'तू पहिलं कॉमिक कसं वाचलंस?' झालं, दोन तास तिथेच गेले.

गंमत म्हणजे पहिल्या अंकापासून सुरुवात केलेला एकही जण निघाला नाही! कुणाला मोठ्या भावाचा कव्हर फाटलेला अंक मिळाला, कुणी 'क्रमशः'वर जे अडकलं ते अडकलंच. माझ्या हाती आला तिसरा भाग. खलनायक कोण, नायक का रडतोय, काही पत्ता नाही. तरी बघत बसले. राहिलेली गोष्ट आपणच जुळवायची, ही खोड तिथली. चित्रांच्या दोन चौकटींमधल्या ज्या कोऱ्या पट्टीत वाचक हेच जुळवणं करतो, तिला गटर म्हणतात, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

एकाने कबूल केलं, की त्याची सुरुवातीची परीक्षणं म्हणजे नुसतं कथानक. चित्रकार शेवटच्या ओळीत, रंग भरणारा आणि अक्षरं काढणारा तर गायबच. (हे पाप मीही केलंय.) मग 'वॉचमेन' या सुपरहिरोंच्या कॉमिकमध्ये पानामागून पान नऊ चौकटींची तीच जाळी दिसली, आणि मध्येच एखादी चौकट मोठी झाली की धस्स का होतं ते त्याला उमगलं. आता तो आधी पान बघतो, मग वाचतो.

कॉमिक्स म्हणजे पोरखेळ नाही हे पटवायला, 'माउस' या कॉमिकला १९९२ मध्ये पुलित्झर हा मानाचा अमेरिकन पुरस्कार मिळाला, असं घरच्यांना ऐकवणारे आम्ही तिघे निघालो. उपयोग शून्य.

घरी येऊन तो तिसरा भाग शोधून काढला. नायक अजून रडतोच आहे.