पुन्हा पहिला कायदा

शनिवार, रात्री साडेदहा

आज तबल्याच्या क्लासला सरांनी पहिला कायदा (म्हणजे ठरावीक बोलांची रचना) वाजवायला लावला. तोच, धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना. तबल्याला नुकता हात लावलेलं पोरही पहिल्या वर्षात हा शिकतं आणि मी गेल्या वर्षी 'मध्यमा पूर्ण'ची परीक्षा पास होऊन बसलेली! वाटलं, शेजारच्या नव्या मुलाला नमुना दाखवायचा असेल. दणक्यात दुगुणीलाच, म्हणजे दुप्पट वेगात, सुरुवात केली.

सरांनी हात वर केला. "ताई, निम्म्या लयीत." (सर माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना सर.) निम्म्या लयीत वाजवला. "अजून खाली." शेवटी इतकी संथ लय झाली की दोन बोलांच्या मध्ये गॅसवर चहा ठेवून यावा.

आणि तेव्हा ते ऐकू आलं. 'ताता तिट' हा 'खाली'चा, म्हणजे हलक्या बोलांचा भाग, तिथे डग्गा (डाव्या हाताचं वाद्य) गप्प. पुढच्या 'धाधा'ला त्याने परत बोलायचं असतं. 'धा' म्हणजे उजव्या हाताचा चाटेवरचा (काठावरचा) 'ता' आणि डग्ग्यावरचा 'गे', दोन्ही एकाच क्षणी. माझा 'गे' केसभर मागून येतो. सर म्हणाले, "एक जण घरात शिरलाय आणि दुसरा अजून दारात चपला काढतोय." तो आठ वर्षांचा मुलगा खुदकन हसला. मीही हसले, पण कान तापले होते.

दुगुणीत हे झाकलं जातं. वेग म्हणजे गडद रंगाची साडी, डाग दिसत नाहीत. मग सरांनी तबला बाजूला ठेवायला लावून फक्त पढंत करून घेतली, म्हणजे बोल तोंडाने म्हणायचे, हातावर टाळी देत. तोंडातला 'धा' बरोबर येत होता, म्हणजे गोम हातातच.

निघताना जरा फणकाऱ्यानेच विचारलं, "सर, हे आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "सांगितलं होतं. वही बघा."

घरी आल्यावर माळ्यावरची २०१६ ची वही काढली. तिसऱ्याच पानावर माझ्याच अक्षरात, वर दोन रेघा मारून: 'धा. डावा हात मागे राहतो.' त्यावर चहाच्या कपाचा गोल डागही आहे.

जुन्या उस्तादांचा चिल्ला म्हणजे सलग ४० दिवस, जगाशी संबंध तोडून, फक्त रियाज. माझ्या वाट्याला रोजची ४० मिनिटं, तीही बँकेतून आल्यावर, कुकर लावून झाल्यावर. वर्षातले ३०० दिवस धरले (पाहुणे, आजारपणं, मार्चएण्ड वजा करून) तर वर्षाला २०० तास, नऊ वर्षांत १,८००. कशातही तरबेज व्हायला दहा हजार तास लागतात हा गाजलेला हिशेब खरा मानला, तर मला शहाऐंशीव्या वर्षी वाजवता येईल. तोवर वरच्या मजल्यावरच्या काकू सहन करतील का, हा प्रश्न वेगळा.

पण खरं सांगायचं तर ते १,८०० तासही सगळे रियाजाचे नव्हते. निम्मे तरी जे येतं तेच पुन्हा वाजवून खूश होण्यात गेले. रेला (वेगात वाजवायची रचना) झरझर गेला की बरं वाटतं. अडतो तो भाग मात्र 'उद्या बघू' म्हणून ठेवायचा. सुट्टीच्या दिवशी कपाट आवरायला काढावं आणि जुने फोटो बघत बसावं, तसं.

आत्ता तबला पुढ्यात घेतलाय. पावसाने पुडी (वरचं कातडं) सैलावलीय, काळी एकच्या सुरातला तबला जवळजवळ पांढरी एकवर उतरलाय. या वेळी सूर चढवायला हातोडी चालवली तर काकू खाली येतील, म्हणून तसाच. पुडीवर रुमाल टाकलाय. लेहऱ्याचं (साथीला फिरत राहणाऱ्या धुनेचं) ॲप सगळ्यात कमी लयीवर आणलं, तर ते म्हणतं याच्याखाली जाता येत नाही. ठीक आहे, तोंडानेच मोजते.

ताता तिट. धा.

मागेच आला. पुन्हा.