नेमकी लाईट गेली

माझ्या कादंबरीचा पहिला ड्राफ्ट वाचून मैत्रिणीने एकच प्रश्न विचारला, "हा रिक्षावाला मयताचा भाचाच का निघाला रे? डोंबिवलीत दुसरे रिक्षावाले नाहीत?" मी लगेच भांडायला उठलो, कारण हे माझ्या बाबतीत खरंच घडलं होतं. म्हणजे खून वगैरे नाही, पण दोन वर्षांपूर्वी माझा मोबाईल रिक्षात राहिला आणि रिक्षावाला निघाला आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या काकूंचा भाचा, रात्री साडेदहाला घरी येऊन फोन दिला, चहा पिऊन गेला. ती म्हणाली, "झालं असेल, पण वाचकाला काय पावती दाखवणार आहेस?" बोलतीच बंद.

कादंबरी अजून छापलेली नाही त्यामुळे सगळं सांगून टाकतो. वसंत म्हणून एक माणूस, डोंबिवलीत राहतो, पतसंस्थेत कॅशियर, गळ्यापर्यंत कर्ज. कुडाळकडे गावी सामाईक घर, तिथे राहणारा चुलतभाऊ अनंता विकायला सही देत नाही. जूनमधल्या एका रात्री अनंता विहिरीत पडतो. पडतो की ढकलला जातो हे आपल्याला पहिल्यापासून माहितीये, प्रश्न वसंतच्या डोक्यात काय चाललंय एवढाच. आणि ३४ प्रकरणं झाल्यावर मी त्याला पकडत होतो एका रिक्षात राहिलेल्या मोबाईलवरून! मलाच आता लाज वाटते.

मग एक्सेल उघडली. घटना, कोणाला फायदा झाला, आणि हे घडायला कोण जबाबदार, असे तीन कॉलम केले. अकरा योगायोग निघाले. तिसऱ्या कॉलममध्ये बऱ्याच ठिकाणी खरं उत्तर "मी" असंच होतं, म्हणजे लेखक अडकला म्हणून पात्रं एकमेकांना धडकली.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्याने १९२९ मध्ये डिटेक्टिव्ह कथांसाठी दहा नियम लिहिले होते, त्यातला एक असा की अपघाताने डिटेक्टिव्हला कधीच मदत होता कामा नये. त्या नियमाने माझा भाचा तर गेलाच. पण तो नियम कोड्यासारख्या कथांचा आहे, तिथे वाचक लेखकाशी खेळत असतो आणि योगायोग म्हणजे पत्ते लपवणं. माझ्याकडे कोडं नव्हतंच, त्यामुळे नुसतं नॉक्सचं ऐकून भागेना.

शेवटी मदत झाली ती दोस्तोयव्हस्कीची. 'गुन्हा आणि शिक्षा', १८६६ ची, कॉलेजात अर्धवट सोडली होती, यावेळी पेन्सिल घेऊन बसलो. काय योगायोग आहेत हो त्यात! नायक रास्कोल्निकोव्हच्या डोक्यात एका सावकार म्हातारीचा खून घोळतोय, तो घरी जाताना उगाच वाट वाकडी करून बाजारातून जातो आणि नेमकं कानावर पडतं की म्हातारीची बहीण उद्या सात वाजता घरी नसणार. त्याच्या आधी एका गुत्त्यात दोन अनोळखी माणसं त्याच म्हातारीला मारावं का यावर गप्पा मारत असतात. स्वयंपाकघरातली कुऱ्हाड घ्यायला जातो तर मोलकरीण तिथेच, आणि खाली दरवानाच्या खोलीत दुसरी कुऱ्हाड जणू वाटच बघतेय. माझ्या मैत्रिणीने हे सगळं लाल करून परत दिलं असतं! पण वाचताना खटकत नाही, कारण तो माणूस आधीच तयार आहे, महिनाभर तेच घोळवतोय, त्याला फक्त कोणीतरी "जा" म्हणायला हवं असतं आणि मग दिसेल त्यात त्याला "जा" ऐकू येतं. आणि ज्या योगायोगाचा त्याने विचारच केलेला नाही, तो दारातून आत येतो. बहीण लवकर परतते.

आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात ना, तसं. फांदी कशी मोडली हे शोधणं पोलिसांचं काम, मला कावळ्याच्या डोक्यात शिरायचं होतं.

कोकणात याला तयार शब्द आहे, कौल. देवाच्या पाषाणाला तांदूळ नाहीतर फुलाच्या कळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि उजवीकडची पडली की देवाचा होकार. वसंत लहानपणी हे बघत मोठा झालेला. म्हणजे हा माणूस देवळात जाऊन विचारणार नाही (विचारणार तरी काय!), पण एसटी वेळेवर आली, उजवा कौल, शेजारचे लग्नाला गेलेत, उजवा कौल. हे सुचलं त्या रात्री मी तीनपर्यंत जागा होतो.

बाकीचे योगायोग कमी करायला सवयी कामाला आल्या. दादरच्या पुलावर अचानक भेटणारा जुना सहकारी मी काढला आणि त्याला वसंतच्या रोजच्या लोकलच्या रोजच्या दारात उभा केला, कारण आपल्याकडे माणसं वर्षानुवर्षं एकाच डब्यात, एकाच दाराला लटकून जातात. भेट तीच, फक्त आता कोणी भुवई उंचावत नाही.

पण सातव्या नंबरचा काही केल्या सुटेना. वसंत आणि अनंता विहिरीपाशी उभे आहेत, बाचाबाची चालू, आणि गावातली लाईट जाते. अंधार. तो ढकलतो. इतका सोयीचा अंधार! काढला तर सीनच पडतो, ठेवला तर मैत्रीण हसणार. तसाच जूनमध्ये मावशीकडे गावी गेलो, संध्याकाळी पडवीत बसलो होतो आणि फट्कन लाईट गेली. मी दचकलो. वहिनी मात्र तांदूळ निवडत होती, तिने न बघता हात मागे नेला, कोनाड्यातली काडेपेटी घेतली, चिमणी लावली आणि पुन्हा निवडायला लागली. म्हटलं, नेहमी जाते? तर म्हणे, "पाऊस सुरू झाल्यावर रोजच जाता. चाकरमान्यांकच काय ती नवलाय."

मी तिथेच फोनवर टाईप करायला घेतलं. मुंबईकर वसंतसाठी जो देवाचा कौल, तो गावासाठी महावितरणचा रोजचा कार्यक्रम! आणि मी लेखक असून मलाही तो योगायोगच वाटला होता, म्हणजे मी पण चाकरमानीच.

रिक्षा, मोबाईल, भाचा सगळं उडवलं. नवीन शेवट लिहायला पाच महिने लागले, त्यातले दोन नुसत्या जबाबाच्या सीनला. वसंत हवालदाराला सांगतोय, अनंता पाणी काढायला गेला, आणि नेमकी लाईट गेली. हवालदार गावचाच. लिहिता लिहिता थांबतो. "नेमकी? हय जूनात लाईट ऱ्हवली, तर तेका नेमकी म्हणतत." पुरावा काही नाही, त्या एका शब्दाने कोर्टात काय होणार, पण वसंत तिथून हळूहळू उसवायला लागतो.

अकरापैकी आता दोन उरलेत. एक पहिल्याच प्रकरणात आहे, तो राहू देत, पॅट्रिशिया हायस्मिथच्या १९५० च्या कादंबरीत तर ट्रेनमध्ये दोन अनोळखी माणसं भेटतात तिथूनच सगळी गोष्ट सुरू होते, आणि सुरुवातीला दिलेलं वाचक मुकाट घेतो. दुसरा २९ व्या प्रकरणात, वसंतची बायको ज्या दिवशी त्याची बॅग झटकते त्याच दिवशी गावाहून फोन येतो. मैत्रिणीने समासात पेन्सिलने फक्त "?" काढलंय. रविवारपासून त्याच्यावरच बसलोय.