दुखत नाही, मग थकता कशाने?

"फॅटी लिव्हर म्हणता, पण दुखत-खुपत तर काही नाही. मग एवढ्या थकता कशाने?" रामबागेत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, नातेवाइकांच्या फोनवर मला हे हमखास विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

लिव्हरच्या आत दुखणं कळवणाऱ्या नसा जवळपास नसतातच, त्या वरच्या आवरणात असतात. त्यामुळे चरबी साठत जाते आणि पत्ता लागत नाही. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी होते, तेव्हा कळतं. पण दुखत नाही म्हणून बाधत नाही, असं कुठे आहे?

पावसाळा लागला की आमच्या इंदूरकडे घरोघरी भुट्ट्याचा कीस होतो. मी एका बैठकीत परातभर कणसं किसायची. आता तीन-चार झाली की हात जड पडतो, उजव्या बरगडीखाली भरल्यासारखं होतं. अर्धं कणीस हातात, चीक मनगटापर्यंत ओघळलेला, आणि उठून हात धुण्याचंही त्राण नसतं. तेही रात्री चांगली झोप झालेली असताना. सासूबाई काही न बोलता परात आपल्याकडे ओढून घेतात. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, कारण बाकी घराला हा आळस वाटतो.

हा आळस नव्हे. या आजारात माणसाचं रोजचं जगणं कसं चाललंय ते मोजायला 36 प्रश्नांची खास प्रश्नावली आहे, 2017 साली आलेली. तिच्यात पोटाच्या तक्रारी, उत्साह, मन, काळजी यांच्याबरोबर थकव्याचा स्वतंत्र भाग आहे. हे कळलं त्या दिवशी मला रडू आलं. आपलं कुणीतरी खरं मानलं होतं.

दुसरा जाच संशयाचा. दारूला कधी हात लावला नाही, तरी "घेता का?" हे डोळ्यांत दिसतंच. पोटावरची चरबी, मधुमेह, इन्सुलिन नीट न लागू पडणं यानेही हा आजार होतो. 2023 मध्ये तज्ज्ञांनी त्याचं नाव बदललं, त्यामागे हा कलंकही होता.

आणि खाणं! पाहुणे आले की रात्री सराफा, म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार, ठरलेला. "एका जिलबीने काय होतंय?" एका जिलबीने काही होत नाही हो, पण दर वेळी नाही म्हणताना आपण पंगतीबाहेर पडतो, ते लागतं. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर लिव्हरची सूज कमी होऊ शकते. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने पाच ते सात किलो. थकलेल्या शरीराने ते करायचं असतं, म्हणून सोबत लागते. शेजारची वहिनी सकाळी मला नेहरू पार्कात ओढून नेते.

तुमच्या घरी कुणाला असेल, तर डॉक्टरांना रिपोर्ट दाखवताना थकव्याचंही आवर्जून सांगा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर तपासता येते. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणंही या आजाराबरोबर बऱ्याच जणांत आढळतं, आणि त्यावर उपचार आहेत.